उपाशी माणसाला सुई

मॅनेजर साहेब,

नमस्कार लिहायची इच्छा न्हाई, तवा थेटच बोलते.

अप्पांना तुमच्या वृद्धाश्रमात ठेवतानाच बजावलं होतं, अप्पा दर चतुर्दशीला निर्जळी उपास धरत्यात, सांगून ऐकत न्हाईत. त्या दिवशी इन्सुलिनआधी डॉक्टरांना इचारा. तुमी मान डोलावली. आन् काल उपाशी माणसाला रोजच्याएवढीच सुई टोचली! साखर उतरून अप्पा बेशुद्ध पडले. वर मलाच म्हणता, "आमचा एक डोस चुकत नाही."

सांगलीच्या दवाखान्यात शुद्धीवर येताच अप्पा म्हणाले, "शालन, त्यास्नी क्षमा कर." त्यांनी केली आसंल. मी न्हाई.

हे पत्र टाकत न्हाई. दुसरीकडं सोय न्हाई, उद्या अप्पा परत तुमच्याच हातात येणार. पण पुढच्या चतुर्दशीला सुई घेऊन याल, तवा खाटेपाशी मी बसलेली आसंन.

पायगोंडा पाटलांची लेक,
शालन