म्हाकूळ कोणी धरलं

रविवार, १६ नोव्हेंबर

बाबा, इतकी वर्षं तुम्हाला काही लिहिलं नाही, माफ करा. डायरी रोज लिहिते, पण तुमच्याशी बोलायची वेळ आली की पान उलटते. आज उलटणार नाही, कारण आज मी तुमच्यावर चिडले आहे आणि ते दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

दुपारी भावाकडे बोरिवलीला जेवायला होतो. शनिवारी तो त्याच्या मुलाला घेऊन मढच्या खडकांवर जाणार आहे, रात्री गळानं म्हाकुळं धरायला. माझी लेक म्हणाली, "मामा, मीपण येते." तो हसत म्हणाला, "तू काय करणार गं तिथे? घसरडं असतं सगळं. आजोबा तुझ्या आईला तरी कधी न्यायचे का? मलाच न्यायचे." मी म्हटलं, "तुला? तुला तर तरीच्या होडीत बसलं की उलटी व्हायची. म्हणून ते मला न्यायचे." त्यावर तो वहिनीकडे बघून म्हणाला, "ताई पण ना. अगं, अख्ख्या चाळीला माहितेय. बाबा स्वतः सांगायचे, मीच धरायचो म्हणून. असा झटका मारला मी, की म्हाकूळ थेट खडकावर." सगळे हसले. झटका मारला असता तर म्हाकुळाच्या दहा हातांपैकी एक तुटून गळाला राहिला असता आणि बाकीचं म्हाकूळ निसटलं असतं, हे त्या टेबलावर मला एकटीला ठाऊक होतं.

तो खोटं बोलत नाही, हे मला कळतं. त्याला खरंच तसं आठवतं. सात वर्षांच्या मुलाला सगळी चाळ शाबासकी देत राहिली तर त्याला आठवणारच. प्रश्न तुमचा आहे.

थंडीत पाणी निवळलं की आपण वर्सोव्याहून तरीने पलीकडे मढला जायचो. तुमची गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही घरी आणलेल्या सुताच्या लाकडी बॉबिना तासून त्यांच्या नकली कोळंब्या केल्या होत्या, शेपटीला वाकवलेल्या टाचण्यांचं कडं. बत्ती खडकावर ठेवायची आणि कोळंबी उजेडात नाही, उजेड संपतो तिथे टाकायची. मी बसलेय, दोरी बोटावर, आणि ती एकदम जड होते, ओलं फडकं अडकावं तशी. मी हिसका मारते. वर येतो नुसता एक हात, अजून वळवळणारा. तुम्ही ओरडत नाही, पण त्या आवाजाची मला अजून धास्ती आहे: "हिसको मारू नको गो. फाटता तो. सावकाश ओढ, पण दोरी ढिली सोडू नको." पुढचं मी तसंच ओढलं. पाण्यातच त्याला शाई टाकू दिली, मग वर घेतलं. बत्तीजवळ त्याच्या अंगावर तांबडे ठिपके उमटत होते, विझत होते. तुम्ही दोरी गुंडाळून माझ्या हातात दिलीत. मला ते बक्षीस वाटलं होतं.

आणि सकाळी जोगेश्वरीच्या आपल्या चाळीच्या नळावर, माझ्या देखत, शेजाऱ्यांना काय सांगितलंत? "आमच्या झिलान धरल्यान." तुमच्या मुलानं. तो तेव्हा आत अंथरुणात होता.

मी तुमची बाजूही मांडून बघते. मुलीला रात्रीची कुठे घेऊन फिरतो, असं कोणी तरी म्हटलंच असतं आणि ते आईला ऐकावं लागलं असतं. मान्य. पण मग "मी धरलं" म्हणायचं होतं ना. कोणी एक शब्द विचारला नसता. तेवढ्यानं मी झाकली गेले असते आणि कोणाचं काही गेलं नसतं. तुम्हाला मला नुसतं झाकायचं नव्हतं, बाबा, तुम्हाला मुलाचं कौतुक करायचं होतं आणि त्याच्याकडे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून माझं काढून त्याला दिलंत. एकदा नाही, दर वेळी. आता तुम्ही नाही आणि तुमची साक्ष तेवढी उरली आहे. ती माझ्या विरुद्ध आहे, आणि आज तिच्या जोरावर माझ्या मुलीला घरी बसवतायत.

रिक्षात लेकीनं विचारलं, "आई, तू खरंच जायचीस? की मामाला गप्प करायला बोललीस?" मी तिच्यावर भडकले. म्हटलं, शनिवारी मीच नेते तुला, मामाच्या गाडीची गरज नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? वहीतच राहील. एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगते. लग्नानंतर मी एकदाही दोरी हातात धरलेली नाही. आता नकली कोळंब्या दुकानात मिळतात, पण बोटाला ते जडपण कळेल की नाही, माहीत नाही. खडकांची भीती वाटत नाही. रिकाम्या हातानं परत आलो तर तिला मामाचंच खरं वाटेल, याची वाटते.

उद्या: दोघींसाठी न घसरणारे बूट आणणे.