न वाचलेला निकाल

मार्शएंड, मॅसॅच्युसेट्स
सप्टेंबर १६५१

प्रिय मेहिटेबल,

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. मक्याची लापशी अजूनही माझ्या हातून करपते. यंदा कॉड मासा इतका मिळाला की वाळवायला माच पुरले नाहीत.

आपण गलबतातून उतरलो तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. शिडाच्या कापडाखाली मी पहिलं प्रवचन केलं, तू माझ्या झग्याचं टोक धरून उभी होतीस. इंग्लंडात बिशपच्या माणसांनी मला दरडावलं होतं, आम्ही सांगू तशी प्रार्थना कर. मी नाही म्हणालो; व्यासपीठ गेलं, गाव सुटलं. त्या 'नाही'चा मला आजही अभिमान आहे. तुझ्या तोंडून तोच शब्द आला, तेव्हा मात्र मला तो ओळखू आला नाही.

बाळाचा बाप्तिस्मा करणार नाही, त्याला कळायला लागलं की तोच मागेल, असं तू म्हणालीस. मी तीन आठवडे वाद घातला आणि चौथ्या रविवारी तुला चर्चच्या मंडळीतून आणि गावातून काढल्याचा निकाल व्यासपीठावरून वाचला. आवाज जराही कापला नाही. लोकांनी त्याचं कौतुक केलं, आणि मी ते ऐकून घेतलं. तू मुलाला शालीत गुंडाळलंस आणि नवऱ्याबरोबर, ज्याला त्याला आपल्या मताने प्रार्थना करू देणाऱ्या प्रॉव्हिडन्स गावाची वाट धरलीस.

गेल्या महिन्यात पिंपं बनवणाऱ्या क्रेनच्या बायकोने, होपस्टिलने, तुझ्यासारखाच नकार दिला. चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन प्रॅटने निकाल लिहून माझ्या हाती दिला. ती समोरच बसली होती, तान्हं मांडीवर घेऊन. मी कागद उलगडला आणि परत घडी घातली.

"हा मी एकदा वाचलाय, माझ्या लेकीसमोर. पुन्हा वाचणार नाही."

"मग काय, शास्त्र बदललं का, थॉर्नसाहेब?" प्रॅटने बसल्या जागेवरून विचारलं.

"शास्त्र तेच आहे. मत पटलं नाही म्हणून लेकुरवाळीला घालवून द्या, असं त्यात कुठे आहे ते दाखवा."

प्रॅटने बरीच पानं उलटली. दाखवता काही आलं नाही, पण हात वर झाले आणि माझं पाळकपद गेलं. निकाल वाचायला मात्र दुसरं कुणी उठलं नाही, त्यामुळे होपस्टिल इथेच आहे. काल पाव घेऊन आली. तिला वाटलं, मी तिच्या बाजूचा झालो. मी म्हटलं, छे, तू साफ चुकतेस. ती पोटभर हसली.

तूही चुकतेसच, मेहिटेबल. त्यावर आपण भांडू. मुद्दे तयार ठेव. पण त्याआधी एक काम आहे, त्यासाठीच हे पत्र. गुरुवारच्या होडीने मी निघतोय. तुला घालवलं ते चारचौघांत, खणखणीत आवाजात. माफी कागदावर लिहून किंवा तुझ्या स्वयंपाकघरात पुटपुटून मागणार नाही. तुझ्या मंडळीतल्या सगळ्यांना रविवारी बोलावून ठेव. माझ्या नातवाला पुढे बसव. मला उभं राहायला जागा दे.

तुझाच,
बाबा