दिवा वाढव म्हटल्यावर

सौ. सुमन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्राचे कारण हसण्यासारखे आहे. नव्या स्वयंपाकघरातील दिव्याशी माझा वाद झाला. तो कोणापुढे मांडावा हे कळेना, म्हणून तुला लिहितो.

गारखेड्यातील हे घर तू पाहिले नाहीस. स्वयंपाकघर आपल्या संजयने नवे करून घेतले आहे. तू विचारशील, दिवा कोठे आहे? मीही तेच विचारले! तो दिसतच नाही. वरच्या कपाटांच्या तळाशी, साडीच्या बारीक काठाएवढी एक पट्टी चिकटवली आहे. सारा उजेड तिच्यातून ओट्यावर उतरतो.

कारागिराने ती पट्टी चक्क कात्रीने कापली. मी म्हणालो, "अहो, वाया जाईल!" तो म्हणाला, "काका, खूण हाय तिथंच कापायची. बाकीची पेटतीच." आणि खरोखर पेटली! उभा जन्म मी शहागंजच्या दुकानात कापड मोजून कापले, पण कापलेल्या तुकड्यातून उजेड पडताना प्रथमच पाहिला. तुला हे खरे वाटले असते का?

तिला बटणाचीही गरज नाही. बोलले की पुरे. सूनबाई वैशाली म्हणाली, "बाबा, ह्याला मराठी कळतं. सांगा बरं बंद व्हायला." मी ताठ उभा राहिलो आणि स्वच्छ उच्चारात आज्ञा केली, "दिवा वाढव."

सगळा ओटा लखलखला! मी पुन्हा तेच म्हणालो. आणखी उजेड! संजय पोट धरून हसू लागला. "बाबा, लाईट बंद करायचीय का लग्नाचा मांडव घालायचाय?"

सुमन, यात माझे काय चुकले? नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तसाच दिवाही विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. हे तूच आपल्या घरात रुजवलेस. लग्नानंतर मी एकदा "कंदील विझव" म्हणालो, तेव्हा तू पुढे केलेला हात मागे घेतलास. "असं बोलू नाय. वाढव म्हणावं." का, ते मात्र कधी सांगितले नाहीस. विचारले की म्हणायचीस, "सगळ्याचीच कारणं असतात व्हय?" हे काय उत्तर झाले?

वैशालीने मला समजावले, "बाबा, 'लाईट बंद कर' म्हणा, बस्स." शब्द सोपे आहेत. चौथी उत्तीर्ण माणसाला ते जड नाहीत. तरी मी म्हणालो नाही. संजयला तो हट्ट वाटला, परंतु ती भीती होती. तुझा शब्द आता माझ्या एकट्याच्या तोंडी उरला आहे, अशी माझी समजूत होती. मीही तो टाकला, तर या घरात तो राहणार कोठे? म्हणून त्यानंतर मी स्वयंपाकघरात दिवसाच जात असे.

काल संध्याकाळी मी दारातूनच त्या पट्टीचे निरीक्षण करीत होतो. वैशाली पोळ्या लाटत होती. एकाएकी पट्टी, पंखा, सगळेच बंद पडले.

"अगं बाई! लाईट वाढली वाटतं," ती म्हणाली.

संजय बाहेरून ओरडला, "अगं, वाढली नाही, गेली!"

"गेली काय म्हणता, माणूस गेल्यासारखं? आई असत्या तर लाटणं दाखवलं असतं तुम्हाला!"

हे तू तिला कधी शिकवलेस? मला तर तुम्हा दोघींची मेथीच्या जुडीवरून चाललेली भांडणेच ऐकू यायची! त्या भांडणांच्या मधूनमधून तू असे काही तिच्या हाती देत होतीस, आणि मला पत्ता नव्हता. निदान एकदा सांगायचे तरी!

"बाबा, तिथंच थांबा हं, अंधारात ओट्याला धडकाल," वैशाली म्हणाली. मी थांबलो. अंधार होता ते बरेच झाले.

वीज आली. जेवणे आटोपल्यावर मी पट्टीला सांगितले, "लाईट बंद कर." ती निमूट बंद झाली. मला काही गमावल्यासारखे वाटले नाही.

आता एक वचन देतो. सुनेला काही विचारणे मी आजवर कमीपणाचे मानले. यापुढे तिच्याजवळ बसेन आणि विचारीन, "आईंनी तुला आणखी काय काय सांगून ठेवले आहे?" ती सांगेल तेवढे ऐकेन, मध्ये बोलणार नाही.

तुझा,
गणपतराव