बडीशेपेच्या बशीतले आठ आणे

अप्पा, तुम्ही मला एकदा बाईसाहेब म्हणालात. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, माझेच केस पांढरे होऊन विरळ झाले, तरी तो शब्द आठवला की मी आजही जागच्या जागी थिजते. विचारायचं राहून गेलं असंही नाही. विचारलं होतं आणि तुम्ही उत्तरही दिलं होतं. पण ते उत्तर पहिल्या धक्क्यापेक्षा जबर निघालं.

कॉलेजची अजिंठ्याची सहल होती. आम्ही आठ मुली एका गटात, आणि गटाचे पैसे माझ्याकडे, कारण माझ्या हातून फुकट पैसा सुटत नाही अशी माझी ख्याती. सकाळी लेण्याच्या दाराशी एक माणूस आरसा धरून उन्हाचा कवडसा आतल्या चित्रांवर पाडत होता. मुलींना त्याला काहीतरी द्यायचं होतं. मी म्हणाले, "त्याला पगार मिळतो." विषय संपला. खरं तर माझं लक्ष चित्रांत नव्हतंच. जेवायला आम्ही फर्दापूरच्या ज्या हॉटेलात जाणार होतो, तिथं तुम्ही होतात. पोलिस ॲक्शननंतर निजामाचं राज्य संपलं, तशी तुमची कचेरीतली उर्दू कारकुनी गेली आणि तुम्ही तिथं लागलात. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचात आणि "हॉटेलात आहे" यापलीकडे काही सांगायचा नाहीत. तुमचं ते वळणदार अक्षर, ते अदबशीर बोलणं; मी मनातल्या मनात तुम्हाला टेबलामागे खुर्चीत बसवून टाकलं होतं. जेवण झालं की आत जायचं, तुम्हाला बाहेर आणायचं आणि मैत्रिणींना म्हणायचं, हे माझे वडील. कुणालाही आधी सांगितलं नव्हतं.

आम्ही बसतो. डोक्यावर पंखा फिरतो आहे. पाण्याचे ग्लास घेऊन बेअरा येतो. पांढरा कोट, कमरेला लाल पट्टा, डोक्याला तुऱ्याचा फेटा. फेट्याखाली तुम्ही असता. मी तोंड उघडते, आणि तेवढ्यात तुम्ही माझ्यासमोर ग्लास ठेवता. "पाणी घ्या, बाईसाहेब. जेवायला काय आणू?" तुमच्या चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलत नाही. त्या जेवणात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही माझ्या डाव्या बाजूनं वाढत होतात आणि मी तुमच्या बोटांकडे बघत होते. माझ्या पाटीवर पहिला श्री काढून देणारी तीच बोटं.

मग बिल आलं, बडीशेपेची बशी आली. "रुपया तरी ठेवू या," शेजारची म्हणाली. "किती अदबीनं वाढलं त्यांनी!" मी म्हणाले, "आठ आणे पुष्कळ झाले." "अगं, किती कंजूष गं तू!" सगळ्या हसल्या. कंजूषपणा नव्हता तो, अप्पा. जितकं कमी ठेवीन तितकं हे घडलंच नाही असं होईल, एवढंच डोक्यात होतं. मी आठ आणे बशीत ठेवले. तुम्ही ते उचललेत, कपाळाला लावलेत आणि मला वाकून सलाम केलात. "मेहेरबानी, बाईसाहेब."

त्या आठवड्यात तुम्ही घरी आलात तेव्हा आई चुलीशी भाकरी थापत होती. मी सरळ विचारलं, "तुम्ही मला ओळख का दिली नाही? लाज वाटली माझ्यासमोर?" तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबलात.

"लाज? लाज कशाची? ते राहू दे. तू आठ आणे कसे ठेवलेस, ते सांग आधी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आठ जणी जेवल्या, दोन येळा भात मागितला, पंखा लावून तासभर बसल्या, आन् आठ आणे? शेजारच्या टेबलावर दोघंच होते, तरी रुपया ठेवून गेले. अगं, बक्षिसी काय माझ्या खिशात जाती का? डब्यात पडती. संध्याकाळी भटारखान्यात सगळ्यांचा हिस्सा होतो. पाणी शेंदणाऱ्याचा, भांडी घासणाऱ्या बाईचा, समद्यांचा. तिला पगार किती, ठावं आहे?"

"पण मला बाईसाहेब?"

"मंग काय म्हणू? माझी पोरगी म्हणालो असतो तर तुझ्या मैत्रिणींनी बशीत काय ठेवलं असतं?"

मी चुलीकडे बघायला लागले.

"बोल की."

"काहीच नाही. मैत्रिणीच्या वडलांना कोण बक्षिसी देईल?"

"व्हय ना? मंग मी बाप झालो असतो, आन् त्या बाईचा हिस्सा बुडाला असता."

आई पदरात तोंड घालून हसत होती. तिला सगळं माहीत होतं. "मला का सांगितलं नाही?" मी ओरडले. "तू विचारलंस कधी?" ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. मला वाटलं होतं, तुम्ही मला अपमानातून वाचवलंत, नाहीतर स्वतःला वाचवलंत. पण त्या टेबलापाशी अपमान होतोय हे तुमच्या गावीही नव्हतं. तो सगळा माझ्या एकटीच्या डोक्यात होता. हे पचवायला मला कॉलेजातल्या कुठल्याच अभ्यासापेक्षा जास्त वेळ लागला.

त्यानंतर मी प्रवासात कुठंही बशी रिकामी सोडली नाही. हमाल, रिक्षावाला, खोली झाडणारी. द्यायचं ते देते, घासाघीस करत नाही. परवा नातीला सोडायला चिकलठाण्याला विमानतळावर गेले. वाटेत जेवलो. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला होता. "हा तुम्हाला मिळतो का?" मी वेटरला विचारलं. "नाय आजी. तो मालकाकडं जातो." मी हादरलेच. त्याच्या हातात नोट दिली, म्हटलं, आत सगळ्यांत वाटा.

बाहेर आल्यावर नात भडकली. "आजी, देतेस भरपूर, पण किती तोऱ्यात देतेस गं! त्या माणसाच्या तोंडाकडे एकदा तरी बघायचंस. तो तुझ्याशी बोलत होता, हसत होता आणि तू टेबलाकडे बघत बसलेलीस. नेहमीच करतेस तू हे."

खरं आहे, अप्पा. तो तरुण होता की म्हातारा, मला सांगता येणार नाही. देताना मी कुणाच्याच तोंडाकडे बघत नाही.

मी तिला म्हणाले, चष्मा गाडीत राहिला होता. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.