तिसऱ्या वळणाबाहेरचे गवत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, विधवा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने आणि कोणी खांद्यावरून डोकावत नसताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला आज सकाळी डॉक्टरांनी दिला. त्यांनी मला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी ते केले आणि त्यांच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी असल्याचेही सांगितले. ते खाली जाऊन पाहून आले आणि मग त्यांनी दाखल्यावर सही केली. हृदय मात्र माझे चांगले नाही. वर्ष निघेल, कदाचित निघणार नाही, असे तेच म्हणतात.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या सहीचा दुसरा कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा, आणि आणणाऱ्याचे आडनाव माझेच आहे का ते पाहावे.

कलम १. मला मूल नाही. यजमान जाऊन सोळा वर्षे झाली. मृत्युपत्र न करता गेले तर माझे सगळे धाकट्या दिरांकडे आणि त्यांच्यामागे पुतण्याकडे जाईल. हे दोघांनाही पाठ आहे. गेल्या महिन्यात ते मला भेटून जिना उतरत होते. आमचा जिना लोखंडी आहे. त्यावर कुजबुजलेलेही वर स्वच्छ ऐकू येते.

पुतण्या म्हणाला, "बाबा, अजून किती दिवस काकूचे पाय धरायचे?"

दीर म्हणाले, "अरे, दम धर. डॉक्टरांनीच सांगितलंय ना, फार दिवस नाहीत."

त्यांना दम धरण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून हा कागद करते आहे. शाळेत सिस्टरांनी आम्हाला क्षमा शिकवली होती. अक्षर, शिवण आणि गणितात मला बक्षिसे मिळाली. क्षमेत मी कायम काठावर पास.

कलम २. बंद गॅरेजवरच्या या दोन खोल्या, खालचे गॅरेज आणि आतले सगळे सामान मिस्त्रींना द्यावे. ते एकतीस वर्षे आमच्याकडे गाड्या दुरुस्त करत होते. यजमानांच्या ट्रॅकवर दिरांनी क्लब काढला तेव्हा त्यांना सांगितले, "मिस्त्री, सभासदांसमोर हात स्वच्छ पाहिजेत." मिस्त्री रॉकेलने आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आले. तरी आठवड्यात काढले. नखांतले काळे गेले नाही म्हणे. ज्या हातांनी तिथल्या निम्म्या गाड्यांचे ब्रेक लागत होते, ते हात.

काल ते साक्षीदार म्हणून सही करायला चष्मा पुसून बसले होते. वकीलबाईंनी त्यांना उठवले. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीला सही करायची नसते. "मला काय मिळायचंय, बाई?" असे त्यांनी विचारले. मिस्त्री, हे.

कलम ३. यजमानांची हत्यारेही मिस्त्रींकडेच. अपवाद फक्त निळ्या पत्र्याच्या पेटीतल्या पान्यांच्या संचाचा. त्यात दहा नंबरचा पाना नाही. तो हरवलेला नाही. दिरांनी 'उद्या देतो' म्हणून नेला, त्याला एकवीस वर्षे झाली. तो संच त्या रिकाम्या खाचेसकट दिरांना द्यावा.

कलम ४. माझी छोटी पांढरी गाडी दातांच्या डॉक्टर असलेल्या आमच्या मुलीला. ती आमची कोणी नव्हे. चाळिशीची झाली तरी मी तिला मुलगीच म्हणते. आमचे दिवस कसे होते, ते तिच्यावरून सांगते.

यजमानांनी दोघा भावांच्या सामाईक पडीक जागेवर दोन किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता केला आणि रविवारी तो लोकांना खुला ठेवला. शर्यत नव्हे. बक्षीस नाही, घड्याळ नाही. आपली रोजची गाडी घेऊन यायचे, मोकळ्या रस्त्यावर तिला जे कधी करू देत नाही ते वीस मिनिटे करू द्यायचे आणि त्याच गाडीतून घरी जायचे. पोस्टमन यायचे, भूगोलाचे मास्तर यायचे. एक नर्स रात्रपाळी संपवून परस्पर यायची. आधी गाडी रिकामी करायची. भिंतीलगतच्या सावलीत लहान मुलांच्या गाडीतल्या खुर्च्या ओळीने ठेवलेल्या असत. त्या मोजून मी किती संसार आत फिरताहेत ते सांगू शकत असे. वीस मिनिटे झाली की मी घंटा वाजवायची.

ही मुलगी पहिल्यांदा आली ती आईची गाडी न सांगता घेऊन. यजमानांनी विचारले, "डिकीत काय आहे?"

"काही नाही."

यांनी डिकी उघडली. "हे 'काही नाही' किती किलो आहे?"

"दहा," ती म्हणाली. बटाटे होते. आईने बाजारात पाठवले होते. ते मी माझ्या कॅन्टीनच्या टेबलाखाली ठेवून घेतले, आणि त्या दिवशी ती सहा वेळा वळण चुकून गवतात गेली आणि सहाही वेळा हसत परत आली. संध्याकाळी बटाटे घेऊन घरी गेली. तिच्या आईला हे या मृत्युपत्रातून कळेल. रागावू नये.

कलम ५. काळ बदलला, त्याचा दोष मी कोणाला देत नाही. पुढे गाड्या चालत येईनाशा झाल्या, दुसऱ्या गाडीवर बसून येऊ लागल्या. टायर गरम ठेवायला पांघरुणे आली. पलीकडे इमारती उठल्या, मग आवाज मोजायला माणूस बसला. विम्याचा हप्ता वाढला तशी फी वाढली, आणि मास्तर यायचे बंद झाले. नव्या गाड्यांचे बॉनेट उघडून पाहण्यासारखे काही उरले नाही. नव्या मुलांकडे गाडीच नसते. ती घरी पडद्यासमोर बसून चालवतात आणि म्हणे छान चालवतात. हे सगळे व्हायचेच होते. यासाठी मी कोणावर सूड घेत नाही.

सूड पुढच्या गोष्टीसाठी आहे. यजमान गेल्यावर दिरांनी त्या जागेचा क्लब केला. वर्षाची वर्गणी, क्लबच्याच भाड्याच्या गाड्या, कानात सूचना देणारा शिक्षक, काचेच्या खोलीत नाश्ता. बाहेरची गाडी आत येत नाही. दातांच्या डॉक्टरला फाटकावरून परत पाठवले, तेव्हा ती रडली नाही, मी रडले. पुढच्या रविवारी मी स्वतः गेले. पहारेकऱ्याने कार्ड मागितले. मी म्हटले, "बाबा, ही घंटा मी वाजवत होते." तेवढ्यात दीर दोन सभासदांना घेऊन बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओळखले, आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "जाऊ दे रे त्यांना मागच्या दाराने. कॅन्टीनच्या बाई आहेत."

मी कॅन्टीन चालवत होतेच. त्याची मला लाज नाही. पण बावीस वर्षे ज्या माणसाने मला वहिनी म्हटले, त्याला त्या दोन सभासदांपुढे तो शब्द आठवला नाही. मी मागच्या दाराने गेले नाही. तशीच परतले.

कलम ६. बँकेतली सर्व शिल्लक वकीलबाईंच्या ताब्यात राहावी. या मृत्युपत्राविरुद्ध दिरांनी किंवा पुतण्याने दावा लावल्यास तो शेवटच्या कोर्टापर्यंत लढण्यासाठीच ती वापरावी. दावा न लागल्यास पाच वर्षांनी ती रक्कम कलम ८ मधल्या खुल्या रविवारी ट्रॅकवर उभ्या राहणाऱ्या रुग्णवाहिकेच्या खर्चासाठी द्यावी. तो खर्च व्हावा अशी माझी इच्छा आहे, पण पहिल्या कारणासाठी खर्च झाली तरी मला वाईट वाटणार नाही.

कलम ७. आता गवत.

यजमान गेल्यावर जागेच्या वाटणीच्या दिवशी दीर म्हणाले, "वहिनी, डांबर मी घेतो. दर दोन वर्षांनी थर द्यावा लागतो, तुम्हाला कुठे झेपणार? तिसऱ्या वळणाबाहेरचं गवत तुम्ही घ्या. त्याला काही करावं लागत नाही, आपोआप वाढतं." जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी मुकाट्याने सही केली. मी फार हुशारी केली असे कोणी समजू नये. त्या पट्ट्यातला दगड न् दगड यजमानांनी हाताने वेचला होता, म्हणून मला तो हवा होता, इतकेच.

तिसरे वळण लांब सरळ रस्त्याच्या टोकाला आहे. तिथे ब्रेक उशिरा लागला की गाडी डांबर सोडते, आणि ते गवत तिला हळूहळू थांबवते. यजमान म्हणत, ट्रॅक म्हणजे गवत, डांबर काय कोणीही टाकतो. ज्याने आयुष्यात एकदाही वळण चुकवलेले नाही, म्हणजे ज्याने तिथे गाडीच चालवलेली नाही, तोच वाटणीत गवत सोडून डांबर घेईल.

क्लबच्या गाड्या आमच्या गाड्यांच्या दुप्पट वेगाच्या. या वर्षी परवान्यासाठी सुरक्षा तपासनीस आले. हातात अंतर मोजायचे चाक. त्यांनी विचारले, "हे गवत कोणाचं?"

दीर म्हणाले, "घरचंच आहे."

"घरचं म्हणजे कोणाच्या नावावर?"

त्या दिवशी संध्याकाळी दीर केक घेऊन माझ्याकडे आले. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

"वहिनी, एक सही हवी होती. घरातलाच तर मामला."

मी म्हटले, "बसा भावजी. केक छान दिसतो. कॅन्टीनमधला का?"

परवाना महिन्यामहिन्याने मिळतो आणि दर महिन्याला गवताच्या मालकाची लेखी संमती लागते. गेले आठ महिने मी ती दिलेली नाही. त्यामुळे तिथे सध्या गाडी चालत नाही, फक्त नाश्ता चालतो. निम्मे सभासद क्लब सोडून गेले. उरलेले माझ्या मरणाची वाट पाहत आहेत, अर्थात नकळत.

कलम ८. हा गवताचा पट्टा मी मिस्त्री आणि दातांच्या डॉक्टर यांना निम्मा निम्मा देत आहे. तो त्यांनी दीर, पुतण्या किंवा क्लब यांना कधीही विकू नये.

पहिल्या मसुद्यात मी पुढे लिहिले होते की, तिथे खोल मुळांची झाडे दाट लावावीत, म्हणजे त्या डांबरावर पुन्हा गाडी म्हणून धावणार नाही. मिस्त्री गॅसची शेगडी दुरुस्त करायला आले होते. टेबलावर फक्त झाडांच्या मजकुराचा कागद होता. त्यांनी वाचला, आणि मी रागावायच्या आत म्हणाले, "बाई, ही शिक्षा दिरांना आहे का मालकांना?"

"म्हणजे?"

"झाडं लावलीत तर ट्रॅक मालकांचाच मरतो. दीर काय, उद्या तिथं लग्नाचा हॉल काढतील."

मी दोन दिवस पेन उचलले नाही. तिसऱ्या दिवशी तो मजकूर खोडला. मला दया आली, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. अधिक बरे काहीतरी सुचले.

आमच्याकडे नाव नोंदवताना यजमान एक छोटा कागद भरून घेत. त्यावर अनुभव किती, गाडी कोणती, असे काही नसे. एकच प्रश्न असे : तुम्हाला काय येत नाही? उत्तर लिहून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. 'मला ओल्या रस्त्यावर भीती वाटते.' 'मला मागून गाडी आली की सुचत नाही.' वाचले की बाकीचे त्याला सांभाळून घेत. बावीस वर्षांत एकाच माणसाने 'सगळे येते' असे लिहिले. ते माझे दीर. तेव्हा ते तिशीचे होते. यजमान म्हणाले, "आज बस भाऊ. आठवलं की सांग." ते संतापून निघून गेले, ते त्या डांबरावर कधीच गाडी घेऊन उतरले नाहीत. माझ्या मते सगळे तिथून सुरू झाले.

तेव्हा मिस्त्री आणि दातांच्या डॉक्टर यांनी दर महिन्याची संमती पुढील अटींवर द्यावी.

महिन्याचा पहिला रविवार सर्वांना खुला राहील. स्वतःच्या रोजच्या गाडीतून जो येईल त्याला आत घ्यावे. फी एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा जास्त नसावी. फाटकावर कार्ड मागू नये.

त्या रविवारी दिरांनी स्वतः यावे. मुलाला किंवा मॅनेजरला पाठवलेले चालणार नाही. इतरांसारखे रांगेत उभे राहून तो कागद स्वतःच्या हाताने भरावा आणि सगळ्यांसमोर, मागच्यालाही ऐकू जाईल असा, वाचावा. मागे दिलेले उत्तर पुन्हा चालणार नाही. उत्तर खरे आहे की नाही ते मिस्त्री ठरवतील. ज्या महिन्यात ते येणार नाहीत, त्या महिन्यात संमती नाही. आजारी असल्यास खुर्चीत बसवून आणावे. दिरांच्या पश्चात हीच अट पुतण्याला लागू राहील.

वर्षाला बारा उत्तरे होतात. भावजी आज एकसष्ट वर्षांचे आहेत, साखर नाही, रक्तदाब नाही, दात सगळे स्वतःचे. त्यांच्या घरात नव्वदीच्या आत कोणी गेलेले नाही, माझे यजमान सोडून. देव त्यांना उदंड आयुष्य देवो.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो माझ्याच मनातला आहे म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

सही : मृत्युपत्र करणारी

आमच्या देखत सही झाली व आम्ही तिच्या देखत सही केली :

१. सही : डॉक्टर (हवा भरून घेतली आहे)
२. सही : शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई

स्थळ : गॅरेजवरची खोली
दिनांक : तेरा नोव्हेंबर दोन हजार चोवीस