शेवट सांगण्याच्या हक्काबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, हे मृत्युपत्र आज मंगळवारी दुपारी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. टीव्हीचा रिमोट या क्षणी माझ्याच हातात आहे, हा त्याचा पुरावा समजावा. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." मालिकांमध्ये ज्या रोग्याला असं सांगतात तो पुढच्या भागात दिसत नाही, म्हणून हा कागद.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या व मागचं अंगण, माझ्या पत्नीच्या नावे आणि तिच्या पश्चात आमच्या मुलाच्या नावे. बँकेत जे असेल तेही याच क्रमाने. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

कलम २. दुकानातली हत्यारं, म्हणजे चिमटे, बारीक पेचकस आणि डोळ्याला लावायचं भिंग, मुलाला. तो जमीनमोजणीच्या खात्यात आहे, घरात त्याला आम्ही मोजपट्टी म्हणतो. हत्यारांचा त्याला उपयोग नाही, पण भिंग त्याने जपावं. या भिंगाने माझं पोट भरलं आणि सिनेमा बिघडवला. पडद्यावर काहीही चाललेलं असो, माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर जाते. नायिका निरोप घेते तेव्हा सव्वाचार, नायक मान वळवतो तेव्हा साडेअकरा. शेजारचे लोक रुमाल काढतात आणि मी मधले सव्वासात तास शोधत बसतो.

कलम ३. टीव्ही पत्नीचा. त्यासोबत माझी मतंही तिनेच ठेवून घ्यावीत, ती दुसरं कोणी घेणार नाही. संध्याकाळच्या मालिकेतल्या सासूने आजवर चार वेळा दुधात काहीतरी कालवलं, तरी त्या घरात स्वतःचं दूध स्वतः तापवून घेण्याची अक्कल एकालाही आलेली नाही. स्वयंपाकाच्या स्पर्धेतले परीक्षक घास घेऊन डोळे मिटतात. मी अठ्ठेचाळीस वर्षं हिच्या हातचं डोळे उघडे ठेवून जेवतो आणि मीठ कमी असेल तर मला कळतं. बातम्यांत आठ माणसं एकदम बोलतात. दुकानातली सगळी घड्याळं बाराला एकदम वाजायची तेव्हा त्याहून जास्त समजायचं. पोलिसांचे सिनेमे बरे असतात, पण त्यातल्या पोलिसाला कधी बूट चावत नाही की घरून फोन येत नाही. मला मनापासून आवडला तो बर्फातल्या अस्वलाचा कार्यक्रम. अस्वल झोपतं, बर्फ पडत राहतो आणि कॅमेरावाला कसलीच घाई करत नाही.

कलम ४. माझा मेहुणा टॉकीजमध्ये माझ्या मागच्या खुर्चीवर बसून खुनी कोण ते आधीच सांगत असे. असे निदान अकरा खून त्याने माझ्यासाठी वाया घालवले. त्याला जुना रिमोट द्यावा, सेल काढून.

कलम ५. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची लिहिली.

लग्नानंतर आम्ही दोघं दर रविवारी दुपारी टॉकीजला जायचो. आत गारवा, अंधार, पाठ टेकायला खुर्ची. ही आठवडाभर शाळेतल्या पोरांवर ओरडून दमलेली असायची. मध्यंतर झालं की हिचं डोकं माझ्या खांद्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे करून विचारायची, "अहो, मग काय झालं?" आता खरं लिहितो. मीही झोपलेला असायचो. डोअरकीपर दिवे लागल्यावर आमच्या तोंडावर बॅटरी मारून दोघांना उठवत असे. पहिल्या वेळी लाज वाटली म्हणून शेवट मनाने रचून सांगितला. तिला तो आवडला. मग ते चालूच राहिलं. अर्धा सिनेमा पडद्यावरचा, अर्धा झोपेतला आणि वर माझी भर. एक जहाज गवताच्या माळावरून सावकाश चाललंय आणि त्यावर कोणीतरी कपडे वाळत घालतंय, असा एक सिनेमा आम्हा दोघांना चांगला आठवतो. तो दुसऱ्या कोणीही पाहिलेला नाही.

आमची थोरली मुलगी चार वर्षांची असताना तापाने गेली. त्यानंतर वर्षभर आम्ही टॉकीजचं तोंड पाहिलं नाही. मग एका रविवारी गेलो. सिनेमा बंदराच्या गावातला, गर्दीत आईचा हात सुटून हरवलेल्या मुलीचा. ही नेहमीप्रमाणे मध्यंतरानंतर झोपली. तेवढा एक सिनेमा मी शेवटपर्यंत जागा राहून पाहिला. मुलगी सापडत नाही. आई शेवटची बोट जाईपर्यंत धक्क्यावर उभी राहते, घरी येते आणि खिडकी लावून घेते.

सकाळी हिने विचारलं, "सापडली का हो?"

मी म्हणालो, "सापडली. बेकरीच्या पायरीवर बसली होती. एका पायात बूट होता, दुसरा आईच्या पिशवीत होता. आईने तिथेच गुडघे टेकून तो घातला. बरोबर बसला."

त्या दिवशी ही वर्षभराने पहिल्यांदा माझ्यासमोर बसून पोटभर जेवली. पुढे एकेचाळीस वर्षं तिने तो शेवट पाहुण्यांना, शेजारणींना, सुनेला सांगितला. मी मान डोलवत राहिलो.

येत्या रविवारी दुपारी दोन वाजता तो सिनेमा टीव्हीवर आहे. तिने वर्तमानपत्रात त्याभोवती पेनाने गोल केलाय. आता वयाने तिची झोप पळवली आहे, ती शेवटपर्यंत जागी राहणार. मला ऑपरेशनची भीती नाही, रविवारची आहे. मी इतकी वर्षं तिला फसवलं हे तिला कळेल आणि सोमवारी ते मला स्ट्रेचरवर घालून नेतील. तिला सांगायचं धाडस माझ्याकडे नाही. कागदाला सांगतोय.

कलम ६. माझ्या पश्चात मोजपट्टीने कोणत्याही सिनेमाचा शेवट फोनवर शोधून आईला सांगू नये. सांगितल्यास घरावरचा त्याचा हक्क जाईल. अशी अट कोर्टात टिकत नाही, असं वकील म्हणतील. ती टिकण्यासाठी घातलेली नाही, त्याला घाबरवण्यासाठी घातली आहे. तिला शेवट सांगण्याचा हक्क मी टॉकीजच्या निवृत्त डोअरकीपरांना देतो. त्यांनी प्रत्येक सिनेमा शंभर वेळा पाहिलाय, कुठे थाप मारायची ते त्यांना कळेल.

पुरवणी, रविवार, संध्याकाळचे सहा.

सिनेमा पाहिला. मी मुद्दाम बटणाजवळची खुर्ची धरली होती, वेळ आली तर वीज गेली म्हणायचं ठरवून. हात उचलला नाही. धक्क्यावरच्या घड्याळात सगळा वेळ दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आईने खिडकी लावली. समाप्त.

मग मीच म्हणालो, "अगं, मी तुला खोटं सांगितलं होतं. बेकरी नाही, बूट नाही, काही नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच सकाळपासून. अहो, मध्यंतरापर्यंत मी जागीच होते की. ती मुलगी पहिल्यापासून अनवाणी आहे. तुम्ही घड्याळं बघत बसता, पाय कुठे बघता?"

तीच पुढे म्हणाली, "तो बूट आपल्या छकुलीचा होता. तुम्ही तिला उचलून दवाखान्यात पळालात तेव्हा रस्त्यात एक पडला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तीन वेळा शोधायला गेला होतात. तुम्ही तिचं नाव काढत नव्हतात. त्या सकाळी पहिल्यांदा काढलंत. मग कशाला अडवू?"

आम्ही दोघं रडलो. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती.

कलम ६ रद्द. मुलाने आईला जे खरं असेल ते खुशाल सांगावं.

कलम ७, नवीन. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, हिच्या लग्नातल्या शालीखाली, छकुलीच्या पायात राहिलेला एक लहान डाव्या पायाचा बूट आहे. तो तिथे आहे हे मला आजच कळलं. तो कोणाच्याही वाटणीत धरू नये. आम्हा दोघांपैकी जो मागे राहील, त्याच्याजवळ असू द्यावा.

हा मजकूर मूळ व पुरवणीसह साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. डोअरकीपरांनी मध्येच चष्मा पुसायला वेळ मागितला, तो दिला.

सही : घड्याळवाले

साक्षीदार :
१. औषधांच्या दुकानाचे मालक, शेजारी
२. टॉकीजचे निवृत्त डोअरकीपर

स्थळ : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : मूळ मजकूर ४ मार्च, पुरवणी ९ मार्च