यंत्राची जाळी

दि. ३ जून

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू वकील व्हावास म्हणून घराने पोटाला चिमटे काढले, तेव्हा आता आढेवेढे न घेता सरळ उत्तर लिही. लाँड्रीचा मालक दोनदा येऊन गेला. ठकीबद्दल भरपाई देतो, कोर्टात जाऊ नका म्हणतो. कागदावर मात्र लिहून आणलंय की कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला.

माझी लेक निष्काळजी? ती उशीची खोळसुद्धा कोपरे जुळवल्याशिवाय घडी घालायची नाही. चादरी दाबायच्या यंत्राला तापलेल्या रुळांपुढे जाळी होती. मोठ्या चादरी तिच्यात अडकतात, काम रेंगाळतं, म्हणून मालकाने मुकादमाकडून ती काढवली. चारच दिवसांनी ठकीचा हात आत ओढला गेला, ती दवाखान्यातून परत आलीच नाही.

मला पैसे नकोत. कोर्टाने त्या माणसाला माझ्यासमोर उभं करून चूक कबूल करायला लावावी. होईल का ते सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

दि. ११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि. रागावू नकोस. कोर्ट भरपाई देतं, अमुक कर, तमुक करू नकोस असा हुकूम देतं. मनापासून चूक कबूल करायला लावणं त्याच्या हातात नाही. जबरदस्तीने कबुली वदवली तरी ती पोपटपंची.

आमच्या पुस्तकात आहे की ज्याचं नुकसान झालं त्याला, ते झालंच नसतं तर तो जिथे असता, तिथे नेऊन ठेवायचं. परीक्षेला मी हे घोकलं होतं. काल पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

पण चूक कुणाची हे निकालात येऊ शकतं. जाळी बसवायचा हुकूमही मागू. तिथल्या वकीलबाई माझ्या ओळखीच्या आहेत. साक्ष तुलाच द्यावी लागेल, तेव्हा जीभ आवर. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा धाकटा

दि. २० फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि. निकाल लागला. त्यांच्या वकिलाने विचारलं, एवढा धोका होता तर पोरीला कामाला लावलंच कशाला. मी म्हटलं, हौस होती म्हणून. जीभ आवरूनच बोलले.

निकालात लिहिलंय की जाळी मालकाने काढवली, मुलीची चूक नाही. मालक माझ्याकडे न बघता निघून गेला. वकीलबाईंनी माझा हात दाबला आणि जिंकलात म्हणाल्या. मला घरी जायचं होतं.

जाळी बसली. लाँड्रीत माझ्याबरोबरच्या बायका कुरकुरतात, चादर अडकते, घरी जायला उशीर होतो. मी पुढे होऊन चादर सोडवते. काल सगळ्या जेवायला गेल्यावर चालू यंत्रापाशी गेले आणि जाळीतून हात घालून बघितला. मुकादम ओरडत धावत आला. त्याला म्हटलं, उगाच घाबरतोस, बघत होते फक्त.

हात जात नाही रे. किती जोर लावला तरी बोटसुद्धा आत जात नाही.

पत्र पाठव, चार ओळींचं का होईना.

तुझी ताई